गॅरेजचं दार तिरकं बसतंय, ट्रॅक ठोकू का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर जुनं घेतलेलं, गॅरेजला दोन गाड्यांचं एकच मोठं दार आहे, 16 बाय 7 फुटांचं. सध्या ते बंद केलं की डावी बाजू जमिनीला टेकते आणि उजवीकडे दोन बोटं फट राहते, खाली येताना करकरतं आणि कधीकधी अर्ध्यातूनच परत वर जातं. यूट्यूबवर बघितलं तर जो तो सांगतो ट्रॅकचे (दाराची चाकं ज्यातून सरकतात त्या पट्ट्यांचे) बोल्ट सैल करा आणि हातोड्याने सरकवा, त्यामुळे आमच्याकडे पाना-हातोडा काढून ठेवलाय आणि ह्यांचं शनिवारचं नक्की झालंय. करू द्यावं का? आणि हो, मध्यंतरी मुलाची सायकल दाराखाली आली होती, पण दार लगेच वर गेलं, तुटलंबिटलं काही नाही.
– एक वाचक, एडिसन

उत्तर : सायकलचं तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय, पण मला तर सगळी गोम तिथेच दिसतेय. हातोडा तूर्त बाजूला ठेवायला सांगा.

ओपनर, म्हणजे दाराची मोटर, दार उचलतो असं आपल्याला वाटतं पण खरं वजन पेलते ती स्प्रिंग. तुमच्या मापाचं दार, त्यात इन्सुलेशनवालं असेल तर 150 ते 200 पौंड सहज भरतं. दाराच्या वर भिंतीला आडवी दांडी दिसेल, तिच्यावर पीळ दिलेली स्प्रिंग, दांडीच्या दोन्ही टोकांना खाचा असलेले ड्रम, आणि प्रत्येक ड्रमवरून एक केबल खाली दाराच्या तळच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. आता दार खाली येताना उजवा कोपरा सायकलवर टेकला की त्या बाजूची केबल क्षणभर सैल पडते आणि ड्रमच्या खाचेतून निसटते, मग पुढच्या वेळी विहिरीच्या रहाटावर दोरावर दोर चढावा तशी ती स्वतःवरच गुंडाळली जाते आणि दोन्ही बाजू सारख्या वरखाली होईनाशा होतात. असं झालं असेल तर ट्रॅक कितीही ठोका, दार सरळ होणार नाही, उलट चांगला ट्रॅक बिघडेल.

म्हणून आधी नुसतं बघायचं. दार खाली घ्या, ओपनरचा प्लग काढा, टॉर्च घ्या आणि दोन्ही ड्रम एकमेकांशी ताडून पाहा, पण हात लावायचा नाही. एकीकडे केबल वेटोळ्यावर वेटोळं आहे का, सैल लोंबतेय का, तिच्या तारा उसवल्यात का? यातलं काहीही दिसलं तर शनिवारचा बेत रद्द आणि सरळ टेक्निशियनला फोन. पैसे जातात हे मान्य, पण दार बंद असताना स्प्रिंगमधला ताण सगळ्यात जास्त असतो आणि केबल परत बसवायची तर तो आधी उतरवावा लागतो. त्याला खास लोखंडी दांड्या लागतात, स्क्रूड्रायव्हर घालून करू पाहणाऱ्यांची मनगटं, बोटं मोडलेली आहेत. तळाच्या कोपऱ्यातल्या ज्या ब्रॅकेटला केबल अडकवलेली असते (बऱ्याचदा त्याला लाल रंग किंवा इशाऱ्याचा टॅग असतो) त्याच्या स्क्रूलाही हात नको, सगळा ताण त्याच्यावरच असतो.

दोन्ही केबल ठीक दिसल्या तर मग दारावर स्पिरिट लेव्हल धरून बघा. दार लेव्हलमध्ये आहे आणि तरी फट आहे, म्हणजे दोष जमिनीचा. तिकडच्या थंडीत खालची माती गोठून फुगते, काँक्रीट हलतं, आणि मग दार बिचारं उगाच बदनाम होतं. तळाची रबरी पट्टी जरा जाड घेऊन बदलली की काम झालं.

आणि दारच तिरकं असेल, केबलही चांगल्या असतील, तेव्हा कुठे ट्रॅकचा नंबर लागतो. हे मात्र घरी जमण्यासारखं आहे. दार पूर्ण बंद ठेवून उभ्या ट्रॅकचे ब्रॅकेट हलवून बघा, पुष्कळदा नुसते बोल्ट ढिले झालेले असतात आणि 7/16 इंची पान्याने आवळले की करकर थांबते. ट्रॅक खरंच सरकलेला असेल तर एका वेळी एकाच बाजूचे बोल्ट थोडेसे ढिले करायचे, काढायचे नाहीत, आणि मध्ये लाकडाचा तुकडा धरून हळू ठोकत दाराची कड आणि ट्रॅक यातलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं आणायचं. एक लक्षात ठेवा, उभा ट्रॅक वर जाताना चौकटीपासून किंचित लांब जातो, तो मुद्दाम तसा बसवलेला असतो म्हणजे बंद झाल्यावर दार चौकटीला घट्ट बसतं, त्याला 'सरळ' करायला जाऊ नका.

ओपनरपासून दार सोडवणारी लाल दोरी ओढायची असेल तर दार पूर्ण खाली असतानाच. तिरकं होऊन अधांतरी अडकलं असेल तर ती ओढायची नाहीच, दोन्ही ट्रॅकवर रोलरच्या (चाकांच्या) खाली व्हाइस ग्रिप (पकडून लॉक होणारी पक्कड) घट्ट लावा, मुलांना लांब ठेवा आणि माणूस येईपर्यंत तसंच राहू द्या.

सगळं जागेवर आलं की दाराखाली मधोमध 2 बाय 4 इंची म्हणतात तो लाकडी तुकडा आडवा टाकून बटण दाबून बघा, लाकडाला टेकल्यावर दार परत वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर ओपनर वापरू नका.

प्रश्न : आमचं दार सकाळी नीट बंद होतं, संध्याकाळी मात्र थोडं खाली येऊन परत वर जातं आणि दिवा लुकलुकतो. ट्रॅक वाकलाय का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : तुमचं दार पश्चिमेकडे असणार, पैज लावतो! दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून 6 इंचांच्या आत दोन छोटे सेन्सर असतात, 1993 पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना अमेरिकेत त्याचा कायदाच आहे. एक किरण सोडतो, दुसरा घेतो. उतरतं ऊन घेणाऱ्याच्या डोळ्यात गेलं की त्याला किरण दिसत नाही आणि दार मागे फिरतं. आधी दोन्ही काचा पुसा, कोळ्याची जाळी काढा, ब्रॅकेटचा नट सैल करून सेन्सरवरचा दिवा स्थिर लागेपर्यंत सेन्सर फिरवून बघा. तरीही संध्याकाळचं गाणं चालूच राहिलं तर घेणारा सेन्सर सावलीच्या बाजूला आणि सोडणारा उन्हाच्या बाजूला अशी अदलाबदल करा. तोवर संध्याकाळी दाराखाली कुणी नाही ना ते बघून भिंतीवरचं बटण दार टेकेपर्यंत दाबून धरा, बहुतेक ओपनर तसं बंद होतात. सेन्सर काढून दोन्ही एकमेकांसमोर टेप लावून छताला चिकटवायची आयडिया कुणी दिली तर मात्र ऐकू नका, ते तिथे लहान मुलांसाठी आणि कुत्र्यामांजरांसाठी आहेत.