कोयना धरण नेमकं कशासाठी बांधलं, सिंचनासाठी की विजेसाठी?

मुख्यतः विजेसाठी. कोयना नदी पूर्वेकडे वाहत कराडला कृष्णेला मिळते. पण सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणात जमीन एकदम खाली उतरते, आणि या प्रकल्पाची सगळी करामत त्याच उतारात आहे. धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणातल्या पोफळीकडे सोडतात. साडेचारशे मीटरांहून जास्त खाली येताना ते जनित्रं फिरवतं. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज काढतात, मग ते वाशिष्ठी नदीत जातं. सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाला तळातून छिद्र पाडलं, ते काम मला आजही थक्क करतं.

धरण १०३ मीटर उंच, साठा सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्याला तडे गेले, नंतर ते मजबूत केलं. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्या अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न मात्र दशकं उलटली तरी सुटलेले नाहीत. ही गोष्ट विजेच्या आकड्यांइतकीच सांगायला हवी.

सिंचनही होतं: पूर्वेकडे सोडलेलं पाणी कृष्णेतून उचलून टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजना सांगलीच्या दुष्काळी भागाला देतात.