आधी टोळी, मग माकडं

प्रिय विद्यार्थिमित्रा,

कर्नाटकातल्या शिरसी-होन्नावरच्या रानात सिंहपुच्छ मोजायला निघतोयस, तर आधी ओळख पक्की कर. आपल्याकडे त्याला सर्रास ‘सिंहपुच्छ वानर’ म्हणतात. पण वानर म्हणजे लंगूर, आणि हे जातीनं माकड. त्या भागात लंगूरही आहेत. दाट पानांआड चेहरा दिसला नाही, तर शेपूट बघ. लंगुराची अंगापेक्षा लांब, खाली लोंबणारी. याची आखूड, टोकाला गोंडा.

पहाटे 6 ते 10 ठरलेल्या सरळ रेषेवर ताशी जेमतेम एक किलोमीटर चाल. टोळी दिसली की वेळ, अंतर आणि रेषेशी होणारा कोन लिही. अंतर 40 मीटर आणि कोन 30 अंश असेल, तर टोळी रेषेपासून 20 मीटरवर आहे. गणिताला हा आकडा लागतो. अंतर टोळीच्या मध्यापर्यंत धर. नवखे हमखास पहिल्या दिसलेल्या माकडापर्यंत मोजतात आणि घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे किती, ती फुगते. गाडीरस्त्यालाच रेषा समजणं ही दुसरी चूक.

पण खरं सांगायचं तर या पद्धतीला किमान 60-80 वेळा टोळी दिसावी लागते. इतक्या विरळ प्राण्यासाठी त्यात महिनोन् महिने जातात. त्यापेक्षा टोळी शोधून तिच्या मागे राहा.

टोळीत साधारण 10 ते 20 जण, बहुधा एकच मोठा नर. चरताना ती शंभरेक मीटर पसरते, म्हणून झाडाखाली उभं राहून केलेली बेरीज कमीच भरते. ती रस्ता किंवा ओढा कुठे ओलांडेल, याचा अंदाज घेऊन आधीच तिथे बाजूला थांब. एकाच फांदीवरून एकामागून एक उड्या पडतात, तेव्हा खरी मोजणी होते. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं: मोठा नर, मादी, अर्धवट वाढलेलं, पिल्लू. प्रत्येक मादीचं पोट बघ, तान्हं पिल्लू तिथेच चिकटलेलं असतं. शेवटचं गेलं असं वाटल्यावरही पंधरा मिनिटं हलू नकोस, रेंगाळणारे असतातच. वेगवेगळ्या दिवशी सर्वांत मोठा आकडा पुन्हा आला, तरच तो धर. नाहीतर ‘किमान 14, अपूर्ण’ असं स्वच्छ लिही. शेजारच्या दोन टोळ्या दोन जोड्यांनी एकाच वेळी मोजाव्यात, घड्याळं जुळवून. नाहीतर दरी ओलांडून आलेली तीच टोळी दुसऱ्यांदा यादीत चढते.

खायला काही टाकू नकोस. एकदा सवय लागली की टोळी रस्त्यावर उतरते, गाडीखाली येते, आणि तुझी मोजणीही बिघडते.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नकोस, जागा लिहून वनखात्याला कळव. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप गोचिडींतून पसरतो, आणि त्याचा जोर नेमका कोरड्या महिन्यांत, म्हणजे तुझ्या कामाच्या दिवसांत असतो. पूर्ण बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, परतल्यावर अंग तपासून आंघोळ.

नोंदी पेन्सिलीनं कर. वही दवानं भिजली की शाई पसरते.