ड्रायपॉइंटमधली शेळी तारेची का दिसते?

ड्रायपॉइंट म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या किंवा तांब्याच्या प्लेटवर सुईने ओरखडून चित्र काढायचं, त्यात शाई भरायची आणि प्रेसवर कागदावर छापायचं. वहीत जिवंत वाटणारी शेळी अ‍ॅक्रिलिकवर आली की तारेची होते, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही फोटो पाहिले. स्केच खाली ठेवून वरून गिरवलंय ना? अ‍ॅक्रिलिक आरपार दिसतं, तिथेच घोळ होतो. गिरवताना आपण शेळीकडे नाही, रेघेकडे बघतो.

मीही दोन वर्षं हेच केलं. मग एका बुधवारी प्लेट आणि स्क्रायबर, म्हणजे ओरखडायची सुई, घेऊन थेट गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या बाजारात गेलो. शेळी काही पोज देत नाही. कान, मानेचा झोक, पाठीची रेघ, एवढंच हाती लागलं. पाय अर्धवटच राहिले. छापल्यावर ती उलट्या बाजूला तोंड करून आली, पण शेळीच होती.

केस एकेक काढत बसू नका. सुई ओरखडत जाते तेव्हा रेघेच्या कडेला खरखरीत उंचवटा उठतो, तो बर. शाई मुख्यतः तोच धरतो आणि मखमली काळेपणा देतो. सुई प्लेटशी साधारण ६० अंशांत कलती ओढली तर एका बाजूला भरपूर बर उठतो, अगदी उभी धरली तर कमी. मी मानेखालच्या आणि पोटाच्या केसांना कलती धरतो, शिंगं-खुरांना उभी. शाई पुसतानाही हात हलका ठेवा. तुमच्या प्रिंटमध्ये मलमलीने सगळं लख्ख करून टाकलंय, निम्मा जीव तिथेच गेला.

प्रेसच्या दाबाने बर चेपत जातो. तांब्यावरून दहा-वीस चांगले प्रिंट निघतात, अ‍ॅक्रिलिकवरून सहसा त्याहून कमी. जमलं तर भांडी बाजारात तांब्याच्या पत्र्याचा तुकडा विचारून बघा. कडा मात्र कानशीने उतरत्या घासा, नाहीतर कागद आणि प्रेसचं फेल्ट (कागदावर ठेवायचं जाड लोकरी कापड) फाटतं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पंधराव्या शतकातलं एक ड्रायपॉइंट आहे: अंग खाजवणारं कुत्रं. कलाकाराचं खरं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हाउसबुक मास्टर म्हणतात त्याला. नेटवर शोधून बघाच. आपल्या गल्लीतलंच वाटतं.

तुमची ती प्लेट फेकू नका, मागची बाजू कोरी आहे. तीच घेऊन बाजारात जा, आणि शेळीवाल्याला आधी विचारा. मी न विचारता उभा राहिलो, तर त्याने गिऱ्हाईक समजून थेट भावच सांगितला होता.