व्हेरेनिक्लिन आणि थिओफिलिन एकत्र चालतात का?

तुम्ही विचारलंय की सिगारेट सोडायला व्हेरेनिक्लिन सुरू केलंय, मळमळतं, भलतीसलती स्वप्नं पडतात आणि दम्यासाठी थिओफिलिनही चालू आहे, तर दोन्ही एकत्र चालतात का. मी डॉक्टर नाही. व्हेरेनिक्लिनचा कोर्स पूर्ण केलाय आणि त्या काळात माझ्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भरपूर पिडलंय, एवढंच.

या दोन गोळ्यांचं आपसात वाकडं नाही. व्हेरेनिक्लिन ९० टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. (मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर डोस कमी करतात, तो याचसाठी.) खरी भानगड सिगारेट सुटल्यामुळे होते. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करत असतं आणि थिओफिलिन झटपट संपवतं. धूर थांबला की ते काही दिवसांतच मंदावतं आणि नेहमीचाच डोस रक्तात साचू लागतो. निकोटिनचा यात हात नाही, त्यामुळे पॅच लावणाऱ्यांनाही हे लागू आहे. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं घेणाऱ्यांचंही तेच.

आता तुमची मळमळ. व्हेरेनिक्लिनने ती होतेच, साधारण दहातल्या तिघांना. पण थिओफिलिन जास्त झालं तरी मळमळतं! सिगारेट कमी किंवा बंद केली असेल तर 'गोळीचा त्रास असेल' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना आजच फोन करा, रक्तातली थिओफिलिनची पातळी तपासायची का ते विचारा. उलट्या थांबेनात, हात थरथरले, छातीत धडधड वाढली किंवा फिट आली तर फोनही नको, थेट रुग्णालय गाठा.

कॉफीतलं कॅफिनही तेच एन्झाइम मोडतं, म्हणून सिगारेट सुटल्यावर तेही अंगात जास्त वेळ राहतं. मला झोप येईना तेव्हा मी गोळीला शिव्या घालत होतो. कॉफी निम्मी केल्यावर बराच फरक पडला.

बाकी, गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या, उपाशीपोटी नको. स्वप्नांचा त्रास असेल तर दिवसातली दुसरी गोळी झोपताना न घेता संध्याकाळच्या खाण्यानंतर घेता येईल का, विचारून बघा. दारू जपून, काहींना या गोळीवर ती नेहमीपेक्षा जास्त चढते. या गोळीच्या माहितीपत्रकावर असलेला नैराश्याबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेत २०१६मध्ये, आठ हजारांवर लोकांच्या चाचणीनंतर, काढून टाकला गेला. तरी घरच्यांना सांगून ठेवा: वागणं बदललेलं दिसलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर.