कॉन्टेसाचं इंजिन बदलतोय, चालू स्थितीतले भागही बदलावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८७ ची कॉन्टेसा (हिंदुस्तान मोटर्सची जुनी मोठी गाडी) घेतलीय, दीड लिटरचं मूळ इंजिन काढून इसुझू या जपानी कंपनीचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन बसवताय, आणि गॅरेजवाले म्हणतात की चालू स्थितीतल्या भागांना हात लावायची गरज नाही. मग नेमकं काय काय बदलायचं?

‘चालतंय ना, मग कशाला बदलायचं’ हे माझ्या काकांचं वाक्य आहे. त्यावरून आमच्या घरात अजूनही वाजतं, म्हणून लिहायला बसले.

माझं मत सरळ आहे. इंजिन खाली उतरलंय तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सगळं नवं टाका. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, ऑइल अडवणारं मागचं रबरी सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर दाबला जातो ते जड चाक, लेथवर घासून सपाट करून घ्या. खरा खर्च उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो आणि ती तुम्ही आत्ता देतच आहात. तेच सील नंतर गळलं तर तेवढ्यासाठी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो.

आमच्या बाबांची कॉन्टेसा क्लासिक १९९१ ची, एमएच ०४. रेडिएटर चोंदलेला होता, गाडी भिवंडी बायपासच्या ट्रॅफिकमध्ये तापली, हेड वाकलं आणि ब्लॉकला तडा गेला. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून इसुझूचं तसंच दुसरं इंजिन मिळालं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात काम काढलं आणि सगळा कारभार काकांच्या हाती गेला. काकांनी तरुणपणी अॅम्बॅसॅडरची इंजिनं स्वतः उघडली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द घरात शेवटचा.

मी रबाळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप आणि गिअरबॉक्सची सीलं बदलणं हे माझं रोजचं काम. कुर्ल्याहून आलेलं इंजिन बघितल्या बघितल्या मी म्हटलं, हे कितीतरी दिवस कोरडं पडून होतं, सीलची कड दगडासारखी झालीय, नखाने दाबली तरी दबत नाही. हे इंजिन थंड असताना गळणार नाही, तासभर गरम चाललं की गळेल. काका म्हणाले, “बाहेर एक थेंब तरी दिसतोय का? क्लच प्लेट अजून अर्धी शिल्लक आहे. चालत्या वस्तूला हात लावायचा नसतो.” बाबांनी धाकट्या भावाची बाजू घेतली. मिस्त्रीलाही लवकर मोकळं व्हायचं होतं. जुनी प्लेट, जुनं सील, जुनी फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ती रबरं) तशीच ठेवून इंजिन चढलं.

मग नाशिकला मावसभावाचं लग्न आलं. माजिवड्याहून निघालो, शहापूरपर्यंत गाडी सुरेख पळत होती आणि काका पुढच्या सीटवरून मला तेच ऐकवत होते. कसारा घाट चढायला लागलो तशी पंचाईत झाली. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र जागची हलत नाही. पाठोपाठ जळका वास. सीलमधून झिरपलेलं ऑइल फ्लायव्हीलवरून फेकलं जाऊन प्लेटवर बसलं होतं आणि चढावर प्लेट घसरून घसरून जळली. मागे कंटेनरची रांग, गाडीत आजी. दुसऱ्या गाडीला बांधून इगतपुरीपर्यंत आलो. लग्नाचा मुहूर्त आजीचा चुकला, तिच्या सख्ख्या बहिणीच्या नातवाचा. ते मला अजून लागतं.

ठाण्यात परत आल्यावर गिअरबॉक्स खाली उतरवताना मी सुट्टी काढून तिथेच थांबले. बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेच्या आकाराचं कवच, आतून ऑइलने माखलेलं होतं. क्रँकवर जुन्या सीलच्या कडेने खाचही पाडलेली होती. अशा वेळी नवं सील त्याच जागी ठोकलं तर तेही गळतं. खोबणीत जागा असेल तर ते किंचित पुढे किंवा मागे बसवायचं, म्हणजे कड गुळगुळीत पृष्ठभागावर चालते. तसं बसवलं. त्या दिवसापासून बेल हाउसिंगखाली बोट फिरवलं तर कोरडं लागतं. काका म्हणतात, आजकालची सीलं नकली येतात, नवं टाकलं असतं तरी गळलंच असतं. नाही, गळलं नसतं. गळलं ते जुनं होतं.

भाग मिळत नाहीत ही तक्रारही मला अर्धीच पटते. कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं, खोक्यावर ‘कॉन्टेसा’ छापलेला माल शोधत बसलात तर दमाल. सीलवर माप असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगवर नंबर असतो. जुना भाग घेऊन औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात जा आणि चांगल्या कंपनीचा घ्या. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचंही, म्हणजे त्याच्या सांध्याचंही, तसंच, कपचा व्यास आणि एकूण लांबी मोजून न्या. शिवाय १.८ चं हेच इसुझू अॅम्बॅसॅडर १८०० आयएसझेडमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग विचारताना दोन्ही नावं घ्या.

तुमच्या गाडीत बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीचं १४८९ सीसीचं इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स असेल. एवढ्या मोठ्या गाडीला जेमतेम ५० अश्वशक्ती, म्हणून तुम्ही बदलताय हे योग्यच. पण इसुझू घेताना त्याचा पाच गिअरचा बॉक्स त्याच गाडीतून घ्या. बेल हाउसिंग, फाउंडेशनचे ब्रॅकेट, स्टार्टर, जे जे बोल्टने लागलंय ते त्याच गाडीचं हवं. बॉक्सची शेपटी नव्या जागी येणार, तेव्हा प्रॉपेलर शाफ्टची लांबी मोजून, कापून, बॅलन्स करून घ्यावी लागेल. जुना शाफ्ट ‘बसतोय’ म्हणून ठोकून बसवू देऊ नका.

फाउंडेशनचं रबर बसलं असेल तर इंजिन खाली झुकतं आणि पंखा रेडिएटरला घासू शकतो. नवं टाका. ब्लॉकचे कोअर प्लग, त्या पत्र्याच्या टिकल्या, इंजिन बाहेर असताना सहज निघतात. गाडीत बसल्यावर मागच्या टिकलीपर्यंत हात पोचत नाही. वॉटर पंप मात्र मूळ जपानी असेल, शाफ्टला ढिलेपणा नसेल आणि गळत नसेल तर ठेवा. तिथे काकांचं म्हणणं मला मान्य आहे. रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्या साफ करून घ्या. आणि थर्मोस्टॅट बसवा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही असं सांगून तो काढून फेकणारे मिस्त्री ठाण्यात पावलोपावली भेटतील. त्यांचं ऐकू नका. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि सिलिंडर लवकर झिजतात.

अर्थिंगची पट्टी लोक विसरतात. इंजिन रबरावर उभं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडीच्या मधली जाड पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

पेट्रोलच्या रबरी नळ्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि कार्बोरेटरचं किट ‘अजून चांगलं आहे’ म्हणून ठेवू नका. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलंय. त्या काळचं रबर यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं किंवा तडकतं. तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल टपकलं तर गाडी राहणार नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. इंजिन विकत घेण्यापूर्वी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते, तपासा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर सील आणि क्लचची चर्चा नंतर, आधी ते इंजिन उघडावं लागेल. आणि माझा अनुभव इसुझूच्या जागी इसुझूचा आहे, तुमचा बदल त्याहून मोठा. ज्याने हेच काम पूर्वी केलंय असा मिस्त्री शोधा, त्याने केलेली एखादी गाडी स्वतः चालवून बघा.

कागदपत्रांचं राहिलं. इंजिन बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. काम सुरू करण्याआधीच आरटीओत जाऊन काय लागेल ते विचारा, विमा कंपनीला कळवा. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या, बिल देत नसेल तर कितीही चांगलं इंजिन असलं तरी घेऊ नका. आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत जुनं दीड लिटरचं इंजिन भंगारात काढू नका.