थरच्या वाळवंटातल्या गावांत काय पाहावे?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही सोलापूरहून मोटारीने बाडमेर-जैसलमेरकडे निघणार आहोत. सोबत आई-वडील आणि शाळकरी मुले आहेत. उंटाची सफर आणि तंबूतला मुक्काम सगळेच सुचवतात. आम्हाला मात्र तिथली खेडी आणि लोकांची जुनी राहणी पाहायची आहे. काय पाहावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : थरमधल्या कोणत्याही गावात शिरल्यावर इथले पाणी कुठे साठवतात, हे आधी विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. जैसलमेरच्या भागात वर्षाकाठी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, म्हणजे दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या आपल्या सोलापूरच्या निम्मासुद्धा नाही; त्यामुळे तिथली घरे, पिके आणि जनावरे हे सारे पाण्याच्या हिशेबानेच ठरत आले आहे. घराजवळ जमिनीत बांधलेला ‘टांका’ दिसेल. त्याच्या भोवतीचे उतरते अंगण, म्हणजे ‘आगोर’, चोपून घट्ट केलेले असते आणि त्यावरून वाहणारे पावसाचे पाणी काठच्या जाळी लावलेल्या भोकांतून आत उतरते. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून घेतात आणि त्यावर पायताण घालून जात नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

जैसलमेरच्या आसपासचे ‘खडीन’ तर आपण अवश्य पाहावेत. भोवतालच्या खडकाळ माळावरचे पाणी सखल शेताच्या कडेला मातीचा लांब बांध घालून अडवतात, ते जमिनीत मुरू देतात आणि पुढे केवळ त्या ओलीवर गहू-हरभरा घेतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ओलीवर पोसणारी रब्बी ज्वारी पाहिलेल्या आपल्या वडिलांना ही शेती समजावून सांगावी लागणार नाही. ही पद्धत पालीवाल ब्राह्मणांनी रुजवली. त्यांनी सोडून दिलेले कुलधरा गाव जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. तिथे भुताखेतांच्या गोष्टी फार ऐकवतात, त्यापेक्षा घरांची आखणी नीट पाहावी.

मुक्कामासाठी सम येथील गजबजलेल्या तंबूंपेक्षा खुडी गावातले गवती छपराचे ‘झोपे’, म्हणजे झोपड्या, मला अधिक योग्य वाटतात. जेवणात बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी मागावी. केर म्हणजे तिथल्या एका वाळवंटी झुडपाची छोटी फळे आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या, शेंगा. याच खेजडीची झाडे तोडीपासून वाचवण्यासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह बिश्नोई पंथाच्या ३६३ जणांनी प्राण दिले. नान्नजच्या अभयारण्यामुळे आपल्याला परिचित असलेला माळढोक तिथे ‘गोडावण’ म्हणून राज्यपक्षी आहे. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये तो दिसला, तर गाडीतूनच पाहावा.

बायकांचे आणि घरांचे फोटो विचारूनच काढावेत. मांगणियार या तिथल्या लोकगायकांचे ‘कमायचा’ हे तंतुवाद्य ऐकायला मिळाले, तर बिदागी थेट त्यांच्याच हाती द्यावी. रस्ते चांगले आहेत, परंतु अंधारात उंट आणि गाई आडव्या येतात, म्हणून दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचावे. सीमेलगतच्या काही गावांसाठी परवाना लागतो. त्याची चौकशी जिल्हा प्रशासनाकडे आधीच करावी.