गिरणी कामगारांच्या जुन्या मुलाखती एएमआर, एमफोरए आणि ओपस फाइल्समध्ये आहेत. ट्रान्सक्रिप्शनसाठी त्या कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि कशा बदलाव्यात?

आधी थेट उत्तर देतो: मूळ फाइलवरून एकदाच वेव्ह फाइल करा, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी. १६ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने), १६ बिट, मोनो (एकच चॅनेल). मध्ये एमपी३ची पायरी नको, आणि मूळ फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की लालबाग-परळच्या निवृत्त कामगारांच्या या मुलाखती वेगवेगळ्या वर्षी घेतल्या आहेत. काही जुन्या बटणांच्या फोनवर, काही आयफोनवर, आणि काही व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून आलेल्या. ट्रान्सक्रिप्शनचं सॉफ्टवेअर एएमआर घेईना, म्हणून फाइलच्या नावातलं एएमआर खोडून तिथे एमपी३ लिहून पाहिलंत, तरी तीच एरर आली. ती येणारच. डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. नावातली शेवटची अक्षरं म्हणजे फक्त लेबल. आतला आवाज कोणत्या पद्धतीने दाबून ठेवलाय ते त्याने बदलत नाही. जी नावं बदलली असतील ती आधी पूर्ववत करा, नाहीतर पुढे कुठली फाइल मुळात काय होती हे तुम्हालाच कळणार नाही.

मी मुलाखती ऐकून उतरवून देण्याचं काम करतो, आणि तुमच्या तीन प्रकारांपैकी मला काळजी वाटते ती एएमआरची. एमफोरए आणि ओपस उत्तम आहेत. ओपस तर २०१२ साली प्रमाणित झालेलं, कमी जागेत बोलणं छान टिकवणारं तंत्र आहे. एएमआर मात्र मोबाइलवरच्या संभाषणासाठी बनलं. त्याच्या साध्या प्रकारात सेकंदाला फक्त ८,००० नमुने (८ किलोहर्ट्झ) घेतले जातात आणि साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास कापलाच जातो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची ओळख पटते ती घर्षणाच्या सळसळीवरून, आणि त्या सळसळीचा मोठा भाग नेमका या रेषेच्या वर असतो.

तुमच्या विषयात याचा फटका कसा बसतो पाहा. कामगार मागाला ‘साचा’ म्हणतात आणि विणाईच्या खात्याला ‘साचेखातं’. यातला ‘च’ चहातला नाही, ‘चूक’मधला आहे, म्हणजे सुरुवातीच्या ‘स’मध्ये सळसळ आणि मधल्या ‘च’मध्येही. एएमआरमध्ये दोन्ही बोथट होतात आणि सॉफ्टवेअर ‘चाचा’पासून ‘खाचा’पर्यंत काहीही लिहून मोकळं होतं. ८ किलोहर्ट्झची फाइल १६ची केली म्हणून गेलेली सळसळ परत येत नाही. फाइल बदलल्यावर ती उघडेल, पण आवाज सुधारणार नाही. त्यामुळे एएमआर मुलाखतींच्या दुरुस्तीला जास्त वेळ धरून ठेवा.

मग १६ किलोहर्ट्झच का? ओपनएआयने २०२२मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे मॉडेल आज अनेक ट्रान्सक्रिप्शन साधनांच्या पोटात आहे, आणि ते कुठलाही आवाज आधी १६ किलोहर्ट्झ मोनो करूनच तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं. ४८ किलोहर्ट्झ स्टेरिओ पाठवून पदरात जास्त काही पडत नाही. १६ किलोहर्ट्झ मोनो वेव्हला मिनिटाला १.९२ एमबी लागतात, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी. सीडीच्या दर्जाची स्टेरिओ फाइल तासाला ६३५ एमबीच्या घरात जाते.

फाइल बदलण्याच्या कामासाठी एफएफएमपेग हा प्रोग्रॅम वापरा. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि तुमचे तिन्ही प्रकार वाचतं. कमांडमध्ये ‘आय’ (-i) या खुणेपुढे मूळ फाइल, मग ‘एआर’ (-ar) पुढे १६०००, ‘एसी’ (-ac) पुढे १, आणि शेवटी नव्या वेव्ह फाइलचं नाव, एवढंच. एकदा जमलं की अख्खं फोल्डर एका लूपमध्ये निघतं. काळ्या खिडकीत टाइप करायला नको वाटत असेल तर ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या, फक्त एएमआर आणि एमफोरए उघडायला त्यात एफएफएमपेगची लायब्ररी बसवावी लागते. एक्स्पोर्ट करताना वेव्ह, मोनो, १६००० आणि ‘साइन्ड १६-बिट पीसीएम’ निवडा.

मोनो करण्याआधी मात्र हेडफोन लावून थोडं ऐका, विशेषतः एखादी मुलाखत दोन कॉलर माइकवर घेतली असेल तर. अशा रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा डाव्या कानात तुम्ही आणि उजव्या कानात मुलाखत देणारे, असं असतं. ते एकत्र कालवू नका. ऑडॅसिटीत ‘स्प्लिट स्टेरिओ टू मोनो’ करून दोन वेगळ्या फाइल्स काढा. कोण बोललं हे सॉफ्टवेअरला ओळखावं लागत नाही, आणि दोघं एकदम बोलले तरी दोघांचं वेगवेगळं उतरतं. क्वचित दोन चॅनेलमधल्या आवाजाच्या लहरी एकमेकींच्या उलट्या मुद्रित झालेल्या असतात. ते चॅनेल मिसळले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मोनो फाइल अचानक पोकळ किंवा मुकी झाली तर हेच कारण धरा आणि एकच चॅनेल वापरा.

पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरचे हॉर्न घालवायच्या मागे लागू नका. नॉइज रिडक्शन घरघरीबरोबर व्यंजनंही खरवडून नेतं. आवाज फार बारीक असेल तर पातळी वाढवा, त्याने बिघडत नाही. लांबलचक शांतता मात्र कापून टाकलेली बरी, कारण अशा जागी व्हिस्पर कुणी न बोललेली वाक्यं लिहितं.

काही सेवांना एका फाइलसाठी २५ एमबीची मर्यादा असते. त्यात अशी वेव्ह साधारण १३ मिनिटांचीच बसते. तेव्हा वेव्हची फ्लॅक या प्रकारची फाइल करा, त्यात काहीही न गमावता आकार बराच उतरतो. तरीही मावत नसेल तर बोलण्यातला विराम बघून तुकडे पाडा. ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ हा अगदी शेवटचा उपाय. तीही स्थिर बिटरेटची (दर सेकंदाला सारखीच माहिती साठवणारी), कारण बदलत्या बिटरेटमध्ये काही प्लेअरना वेळेचे आकडे नीट लावता येत नाहीत आणि मजकुरासमोरची वेळ सरकते.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल माझं मत ठाम आहे: वापरू नका. या माणसांनी तुम्हाला घरात बसवून मालक, मुकादम, युनियन, कर्ज, घरातली भांडणं, सगळं सांगितलंय. ते अनोळखी सर्व्हरवर चढवण्याची परवानगी त्यांनी दिलेली नाही. वरची दोन्ही साधनं इंटरनेटशिवाय चालतात, आणि व्हिस्परही स्वतःच्या संगणकावर चालवता येतं. यापुढे कुणाकडून रेकॉर्डिंग मागवाल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल मूळ स्वरूपात येते.

व्हिस्परला सुरुवातीला थोडा मजकूर सूचना म्हणून देता येतो, त्याचा फायदा घ्या. ‘साचेखातं, त्रासन, जॉबर, बदली कामगार, गिरणगाव, दत्ता सामंत’ असे शब्द एका साध्या वाक्यात गुंफून द्या. एएमआरमध्ये हरवलेली अक्षरं त्याने परत येत नाहीत, पण अंदाज योग्य दिशेने झुकतो.

आणि तयार मजकुरातली सालं प्रत्येक वेळी मूळ फाइलवर ऐकून तपासा. बोलताना म्हातारी माणसं शतक सांगत नाहीत, नुसतं ‘ब्याऐंशी’ म्हणतात. त्याचं ‘ब्याण्णव’ झालं तर १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाची गोष्ट डिसेंबर १९९२च्या मुंबईतल्या दंगलीची होऊन बसते, आणि गिरणगावातल्या माणसाच्या तोंडी दोन्ही विषय येत असल्याने नुसतं वाचून ती चूक सापडत नाही.